स्वतःहून आणि रोज

इमारतीतली माणसं त्यांना कारखानदार म्हणत असली, तरी त्यांचा कारखाना म्हणजे स्वयंपाकघराच्या मागची बाल्कनी. तीही अशी, की दोन माणसं एकदम उभी राहिली तर एकाने पोट आत ओढून घ्यावं. दिवसभर ते विमा कंपनीच्या कार्यालयात लोकांच्या अपघातांच्या फायली तपासत आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतः अपघात घडवत. हे वाक्य त्यांच्या लेकीचं. ती कॉलेजात शिकते आणि बापावर विनोद केले की परीक्षेत मार्क मिळतात, अशी तिची काहीतरी समजूत आहे.

कारखानदार हे नाव ठेवलं वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी. करवत सुरू झाली की ते कठड्यावरून खाली डोकावत आणि विचारत, "आज काय उत्पादन?" कारखानदारांना आधी या नावाचा राग येई. मग सवय झाली. आता तर दुसरं कुणी खऱ्या नावाने हाक मारली की ते क्षणभर इकडेतिकडे बघतात.

खरं सांगायचं तर त्यांना कलेचं वेड नव्हतं, वेड होतं कुतूहलाचं. एखादी मोडकी, फुटकी, संपलेली वस्तू दिसली की त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न उभा राही : याचं काय होईल? सामान्य माणसाच्या मनात याचं उत्तर 'कचरा' असं येतं आणि तो विषय संपतो. कारखानदारांचा तिथून सुरू होई. फुटलेल्या कपांचे तुकडे, संपलेली पेनं, एकेकटे मोजे, पाय गेलेली खुर्ची, खुर्चीचे गेलेले पाय, सगळं बाल्कनीत येऊन पडलं होतं. भुकट्या, खिळे, डिंक वगैरे मालासाठी त्यांनी आइस्क्रीमचे रिकामे डबे जमवले होते. डबे सगळे एकाच मापाचे, एकाच पांढऱ्या रंगाचे, त्यामुळे एकावर एक छान बसत. "त्यावर आत काय आहे ते लिहा तरी," असं बायको कितीदा म्हणाली. "मला माहीत असतं," असं ते तितक्याच वेळा म्हणाले. लेकीने एकदा मोठ्या आशेने एक डबा उघडला तर आत गंजलेले स्क्रू. तेव्हापासून तिने घरात आइस्क्रीम खाणं सोडलं.

बायको शाळेत मुख्याध्यापिका. सगळी इमारत तिला बाई म्हणे, आणि खोटं कशाला बोला, कारखानदारही मनातल्या मनात बाईच म्हणत. बाईंचं त्या बाल्कनीवर फार दिवसांपासून लक्ष होतं. तिथे एक बसायची जागा करावी, शाळेतून आल्यावर चहाचा कप घेऊन बसावं, समोरच्या झाडाकडे बघावं, आणि कुणी 'बाई' म्हणून हाक मारू नये, एवढीच त्यांची इच्छा. तेवढ्यासाठी त्या कितीतरी वर्षं थांबल्या होत्या. थांबण्याचं त्यांचं बळ संपलं ते फ्राइंग पॅनपायी.

झालं असं, की कारखानदारांनी एक जुना फ्राइंग पॅन घेतला, मधोमध भोक पाडलं, मागे घड्याळाचं यंत्र बसवलं, पुढे काटे लावले आणि तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगला. घड्याळ अगदी बरोबर चालत होतं, हे इथे नमूद केलंच पाहिजे. फक्त पॅन जुना असला तरी निकामी नव्हता, हे त्यांनी विचारून घेतलं नव्हतं. बाई शाळेतून दमून आल्या, अंडी फोडायला पॅन शोधला, तो भिंतीवर सव्वासहा दाखवत होता. त्यांनी तो खाली काढला, काटे उपटले, यंत्र उपटलं, पॅन शेगडीवर ठेवला आणि तेल ओतलं. तेल भोकातून थेट जाळावर गेलं. भडका उडाला, बाई मागे सरकल्या, त्याच वेळी वारा आला आणि स्वयंपाकघराचं दार नेहमीप्रमाणे धाडकन आपटलं.

या दाराबद्दल आधीच सांगायला हवं होतं. ते दार वाऱ्याची नुसती चाहूल लागली तरी आपटे. असं आपटे की खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या घरातला फोटो तिरका होई आणि ते काठीने छत ठोकत. कारखानदारांनी त्यावर बाटल्यांच्या बुचांचा एक अडसर तयार केला होता. पहिल्याच झुळकीला बुचं घरभर उधळली आणि त्यातलं एक अजून सापडलेलं नाही.

तर भडका विझला. खालून काठीचा ठोका आला. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अहो, झालं एवढं पुरे. सुट्टी लागली की भंगारवाल्याला बोलावणार आणि बाल्कनी रिकामी करणार."

"अगं, पण त्यातल्या वस्तू उपयोगाच्या आहेत."

"कुणाला?"

हा प्रश्न जरा अन्यायाचा होता. लेक मध्ये पडली. "आई, एक चान्स तरी दे बाबांना. नापासाला पुन्हा बसू देतेस ना तू?"

बाई न्यायाला पक्क्या. त्यांनी थोडा विचार केला आणि अट घातली. "सुट्टी लागेपर्यंत तुमची एक वस्तू, फक्त एक, कुणीतरी स्वतःहून आणि रोज वापरली पाहिजे. तुम्ही गळ घालायची नाही, आठवण करायची नाही, तोंड पाडून बसायचं नाही. तसं झालं तर बाल्कनी तुमची, मी पुन्हा नाव काढणार नाही. नाहीतर माझी."

"तू आत्ता घड्याळ वापरलंस की," कारखानदार हळूच म्हणाले.

"तो माझा पॅन मला परत मिळाला. भोकासकट."

पुढच्या रविवारी कारखाना दुप्पट जोमाने सुरू झाला. कारखानदारांनी दोन उत्पादनं एकदम हाती घेतली. पहिलं, जुन्या टॉवेलची कुंडी. टॉवेल पांढऱ्या सिमेंटच्या पाण्यात बुडवायचा, पालथ्या बादलीवर पसरायचा, वाळला की बादली काढून घ्यायची, त्याच्या चुण्या तशाच राहतात आणि झकास कुंडी होते. दुसरं, तळणीतून उरलेल्या तेलाचा साबण. तेलात कॉस्टिक सोडा, आणि फेस भरपूर यावा म्हणून थोडी कपडे धुण्याची पावडर, ही बाईंच्या पुड्यातून गुपचूप काढून डब्यात भरलेली. पोस्टमास्तर वरून देखरेख करत होते. त्यांनी आयुष्यात साबण केला नव्हता, पण साबणाची पार्सलं पुष्कळ हाताळली होती, त्यामुळे सल्ला द्यायला त्यांना काही अडचण नव्हती.

"ढवळा, ढवळा, एकाच दिशेने ढवळा!"

"का हो, एकाच दिशेने का?"

"ते माहीत नाही. पण सगळे तसंच सांगतात."

कारखानदारांना हे फारच विचार करण्यासारखं वाटलं. त्यांनी अर्धा वेळ एका दिशेने आणि अर्धा वेळ उलट ढवळून पाहिलं. काही फरक पडला नाही, पण हात भरून आला. मिश्रण पावाच्या जुन्या साच्यात ओतलं, आणि आपल्या मालाची खूण असावी म्हणून वर कोटाच्या मोठ्या बटणाचा ठसा उमटवला. चार भोकांचा गोल ठसा. तो फार सुरेख उमटला होता.

साबण बनला तो असा, की साच्यातून काढताना साचा फाटला पण साबणाचा टवकाही उडाला नाही. पाण्यात टाकला तर दगडासारखा तळाशी बसला. हातावर घासला तर फेस नाहीच, कातडीच लाल झाली. कारखानदारांनी त्याला तासून, ठोकून, उन्हात ठेवून पाहिलं. तेल, सोडा, पावडर, सगळं नियमाप्रमाणे घातलं होतं. मग हे असं का? याचं उत्तर काही केल्या सापडेना, आणि अपयशापेक्षा त्याचीच त्यांना जास्त रुखरुख लागली. "कचऱ्यात टाका तो धोंडा," बाई म्हणाल्या. त्यांनी जड मनाने तो मोरीजवळच्या कचऱ्याच्या बादलीशेजारी ठेवला.

कुंडी मात्र जमली. टॉवेल वाळून ताठ उभा राहिला, त्याला लिंबाचा मंद वासही येत होता. कारखानदारांनी तिच्यात माती भरली, एक वेल लावली आणि जिन्याच्या वळणावर नेऊन ठेवली. बेत असा, की येताजाता कुणीतरी स्वतःहून आणि रोज तिला पाणी घालेल.

पाणी घातलं ते सेक्रेटरींनी, आणि तेही स्वतःहून. सेक्रेटरी म्हणजे नियमांचा माणूस. जिन्यात कुंडी ठेवायला परवानगी लागते असं सांगायला ते आले होते, पण रोप सुकलेलं बघून त्यांचं मन पाघळलं. त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. कुंडीने थोडा वेळ विचार केला. मग तिच्या चुण्यांमधून पांढरा फेस वर आला, खाली आला, पायऱ्या उतरू लागला. सेक्रेटरींनी घाबरून तो धुऊन टाकायला बादलीभर पाणी आणलं. आता फेस पहिल्या मजल्यापर्यंत गेला. टॉवेलने धीर सोडला आणि तो लोळागोळा होऊन पडला. सेक्रेटरी चार पायऱ्या बसल्या बसल्या उतरले.

सगळी इमारत जिन्यात जमा झाली. पोस्टमास्तर वरून नाक वर करून म्हणाले, "जिना इतका स्वच्छ मी आजवर पाहिला नव्हता. आणि वास काय छान येतोय लिंबाचा!" बाईंनीही दारातून वाकून वास घेतला, कारखानदारांकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता आत गेल्या. ते न बोलणं कारखानदारांना फार लागलं. सेक्रेटरी कंबर धरून उठत होते, माणसं हसत होती, आणि हे भले गृहस्थ ओल्या टॉवेलसमोर उकिडवे बसून पुटपुटत होते, "पण सिमेंटला फेस कसा आला?"

दुसऱ्या दिवसापासून सूचनाफलकावर नोटीस लागली. जिन्यात 'फेस येणाऱ्या अथवा न येणाऱ्या' कोणत्याही वस्तू ठेवण्यास सक्त मनाई.

कारखानदारांचा मान दुखावला होता, त्यात पायाचा अंगठाही दुखावला. स्वयंपाकघराच्या दाराशी कुणीतरी जुन्या मोज्यात वीट घालून ठेवली होती आणि आत जाताना ते रोज तिला ठेचकाळत. "ही वीट कुणी ठेवली इथे?" ते ओरडत. "बघून चाला," आतून उत्तर येई. लंगडत लंगडत ते बाल्कनी गाठत, कारण आता शेवटचा डाव होता. सुट्टी तोंडावर आली होती.

शेवटचा डाव म्हणजे बाक. जुन्या पलंगाची डोक्याकडची फळी, मोडक्या खुर्चीचे गेलेले पाय आणि थोडी अक्कल, असं मिळून त्यांनी एक बाक केला. आणि काय सांगू, तो चांगला झाला! डुगडुगत नव्हता, टोचत नव्हता, बसलं की पाठीला टेकू मिळे. कारखानदार स्वतःच्याच कामाकडे संशयाने बघत राहिले. इतकं सरळ काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. त्यांनी लेकीच्या मदतीने बाक खाली प्रवेशद्वाराशी, टपालपेट्यांजवळ नेऊन ठेवला आणि स्वतः लिफ्टच्या आडोशाला उभे राहिले.

माणसं बसली! पोस्टमास्तर आले, पत्र बघायच्या निमित्ताने बसले ते तासभर उठलेच नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई पिशव्या टेकवायला बसल्या. दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर पुन्हा आले. स्वतःहून! रोज! कारखानदारांना वाटलं, धावत जाऊन बाईंना शाळेतच सांगावं.

तिसऱ्या दिवशी बाकावर पाटी लागली : 'समितीच्या मंजुरीपर्यंत बसण्यास मनाई.'

"अहो, पण का?" कारखानदार सेक्रेटरींच्या दारात उभे राहिले.

सेक्रेटरी अजून उशी घेऊनच बसत. "कुंडीच्या वेळी मी विश्वास ठेवला होता," ते म्हणाले. "आता दाखला आणा. बाक सुरक्षित आहे असा."

"दाखला कोण देतं बाकाचा?"

"ते तुम्ही शोधायचं."

कारखानदारांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नगरपालिकेत गेले. खिडकीतल्या कारकुनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाक चल आहे की अचल?"

"म्हणजे?"

"जमिनीत पक्का केलाय का? पक्का असेल तर ते बांधकाम झालं, नकाशा आणा. पक्का नसेल तर आमचा संबंध नाही."

"पक्का नाही. उचलता येतो."

"मग उचलून घरी न्या की," कारकून म्हणाला. मग जरा पुढे वाकून त्याने हळूच विचारलं, "पण बसायला कसा आहे हो? आमची ही खुर्ची म्हणजे नुसता छळ आहे."

दाखला मिळाला नाही. समितीने पाहणी केली, तिघे सभासद एकदम बाकावर बसले, बाक हूं की चूं करेना. "उत्तम आहे," असं तिघेही म्हणाले आणि विषय पुढच्या सभेवर ढकलून उठून गेले. तिघे बसले हे कारखानदारांनी घरी मोठ्या आवाजात सांगितलं.

"तपासायला बसले," बाई म्हणाल्या. "परीक्षकाने पेपर वाचला म्हणजे त्याला तो आवडला असं नसतं."

पोस्टमास्तर नियमाला घाबरणारे. ते आता रोज बाकाशेजारी नुसते उभे राहत, एक हात पाठीवर टेकवून. कारखानदार ते बघत आणि कासावीस होत. आपण एक गोष्ट धड केली आणि तिच्यावर बसायची जगाला बंदी, असं त्यांना राहून राहून वाटे.

आणि सुट्टी लागली.

भंगारवाला सकाळीच आला. कारखानदार हॉलमध्ये वर्तमानपत्र उघडून बसले, पण ते उलटं होतं. आतून एकेक आवाज येत होता आणि आवाजावरून त्यांना कळत होतं, ही बाटल्यांची पेटी, हे खुर्चीचे हात, ही पेनं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. वस्तू जातात म्हणून नव्हे, तर त्यांचं काय झालं असतं ते आता कधीच कळणार नाही म्हणून. लेक शेजारी येऊन बसली. तिने वर्तमानपत्र सरळ करून दिलं आणि आज एकही विनोद केला नाही.

भंगारवाला पोतं घेऊन बाहेर निघाला. जाता जाता स्वयंपाकघराच्या दाराशी त्याने मोज्यातली वीट उचलली. मोजा त्याच्या हातात राहिला आणि वीट घसरून फरशीवर पडली. दणका झाला. "बाई, ही वीट पण टाकायची ना?"

"छे छे! ती ठेवा!" बाई आतून ओरडतच आल्या. "ती मला रोज लागते. ती नसली तर दार..."

आणि त्या थांबल्या.

कारण वीट उताणी पडली होती आणि तिच्यावर चार भोकांचा गोल ठसा होता. कोटाच्या बटणाचा.

कारखानदार उठले. विटेकडे बघितलं, दाराकडे बघितलं. खिडकीतून वारा येत होता. त्यांना एकदम आठवलं, की ते दार कित्येक दिवसांत आपटलेलंच नाही. खालून काठी वाजलेली नाही. पण न आपटलेलं दार कुणाच्या लक्षात येतं? त्यांनी आ वासला, तेवढ्यात मोकळं सुटलेलं दार धाडकन आपटलं आणि खालून काठीचा ठोका आला.

"साबण!" कारखानदार म्हणाले. "माझा साबण! तू कचऱ्यातून काढलास!"

"जड होता म्हणून घेतला," बाईंनी सांगितलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"स्वतःहून?"

बाईंनी भंगारवाल्याच्या हातातला मोजा काढून घेतला.

"आणि रोज?"

"साबण म्हणून नाही वापरला," बाईंनी शेवटचा प्रयत्न केला. "दाराला लावला. तुम्ही केला तेव्हा तो नुसता धोंडा होता. त्याचा उपयोग मी शोधला."

आता लेकीला राहवेना. "आई, टाकाऊतून टिकाऊ म्हणजे आणखी काय असतं? बाबांनी फक्त टाकाऊ तयार केलं. टिकाऊ तू केलंस."

हा निकाल दोघांनाही सारखाच टोचला, म्हणजे तो बरोबर असणार. बाई न्यायाला पक्क्या, मघाशी सांगितलंच. त्यांनी भंगारवाल्याला पोतं खाली ठेवायला लावलं आणि बाल्कनीची निम्मी निम्मी वाटणी केली. संध्याकाळी कारखानदार आणि लेक खाली गेले, बंदी घातलेला बाक उचलून वर घेऊन आले आणि बाईंच्या निम्म्यात ठेवला. तो तिथे असा बसला, की मापच घेऊन केला असावा. पोस्टमास्तर वरून बघत होते. "बसा हो बाई, मजबूत आहे," ते म्हणाले, "मला फार दिवसांचा अनुभव आहे उभं राहण्याचा."

बाई चहाचा कप घेऊन बसल्या. पाठ टेकली. झाडाकडे बघत राहिल्या. कुणी हाक मारली नाही.

आपल्या निम्म्यात कारखानदार साबण मांडीवर घेऊन बसले होते. एवढा कडक झालाच कसा, हे आज बघायचंच होतं. करवतीकडे हात गेला, पण बाईंनी झाडावरची नजर न काढता "कापायचा नाही" म्हटलं, म्हणून त्यांनी फक्त स्क्रू-ड्रायव्हरने एक कोपरा खरवडला. बारीक पांढरी भुकटी पडली. ती त्यांनी बोटावर घेतली, चोळली, वास घेतला. मग एकावर एक रचलेल्या पांढऱ्या डब्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अगं," ते म्हणाले, "साबणात सिमेंट गेलंय. म्हणजे त्या कुंडीत... तो टॉवेल मी धुण्याच्या पावडरमध्ये बुडवला होता! म्हणून फेस! मला आत्ता कळलं!"

"मला त्याच दिवशी कळलं," बाई चहाचा घोट घेत म्हणाल्या. "जिन्याला माझ्या पावडरचा वास येत होता."

"मग सांगितलं का नाहीस? मी इतके दिवस डोकं फोडून घेतोय!"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या रविवारी चांगला साबण केला असता," बाई म्हणाल्या. "आणि मग मी दाराला काय लावलं असतं?"

कारखानदार उठले. साबणाला मोजा चढवला, दाराशी नेऊन ठेवला, आणि परत येताना त्यालाच ठेचकाळले.